लिफ्टने वर, सायकलने खाली: बाप आणि १४ वर्षांची मुलगी, आल्प्समध्ये कुठं जावं?

इसारकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणतोय, आज एकदाचा धागा काढतोय.

आम्ही म्युनिकला असतो. मी ४७ वर्षांचा, लेक १४ पूर्ण. तिला दोन वर्षांपासून माउंटन बायकिंगचं वेड लागलंय, शाळा सुटली की क्लबच्या पोरांबरोबर इसार नदीच्या काठच्या जंगलात, अंधार पडेपर्यंत घरी नाही. खोलीत व्हाली ह्योलचं पोस्टर आहे (ऑस्ट्रियाची, झालबाख-हिंटरग्लेमची मुलगी, २०२२, २०२३ आणि २०२४ ओळीनं तीन वर्षं डाउनहिलची, म्हणजे डोंगर उतरण्याच्या शर्यतीची, वर्ल्ड चॅम्पियन). आता लेक म्हणतेय बाबा, या सुट्टीत खऱ्या बाइकपार्कला जाऊ, जिथं लिफ्टमध्ये सायकल टाकून वर जायचं आणि दिवसभर नुसतं उतरायचं.

मला हे ऐकून एकदम वाई आठवली. आम्ही पोरं रविवारी एसटीच्या टपावर सायकली चढवून पाचगणीला जायचो आणि पसरणीचा घाट उतरत घरी यायचो. अ‍ॅटलास सायकल, सळईचे ब्रेक, शेवटच्या वळणांपर्यंत रबराचा जळका वास यायला लागायचा आणि पंजे इतके आखडायचे की घरी आल्यावर पाण्याचा तांब्या धरता यायचा नाही. म्हणजे कल्पना नवीन नाही मला, पण ते डांबर होतं आणि हे डोंगर आहेत.

ऑगस्टचा पहिला आठवडा, पाच दिवस, स्वतःची गाडी. मी ब्लू ट्रेल (सोपी वाट) आरामात उतरतो, रेड (मध्यम) हळूहळू, उड्या अजिबात मारत नाही. ती रेड जोरात, टेबलटॉपवरून (वर सपाट असलेला उडीचा उंचवटा) उडते आणि आता ब्लॅकवर (सगळ्यात अवघड) डोळा आहे. डोक्यात चार जागा आहेत: ऑस्ट्रियातली लेओगांग-झालबाख आणि सेर्फाउस-फिस-लाडिस, इटलीतलं लिविन्यो आणि फ्रान्सचं लेज्-जे-मोर्झिन. तिचं मत ठाम लेओगांग, कारण तिथं वर्ल्ड कप होतो. माझी एकच इच्छा आहे, दोघांनी मिळून करायचं, तिला लिफ्टवर सोडून मी खाली कॉफी पीत बसायचं नाही. अनुभवी लोकांनी मनापासून सांगा.

जिनिव्हाकर

मोर्झिन-लेज् जे डोळे झाकून! अहो पोर्त द्यु सोलेय म्हणजे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून डझनभर गावं लिफ्टनी जोडलेली आहेत, सकाळी लेज् जेमधून निघा, मोर्झिन, आव्होरिआझ करत शातेलला उतरा, नाहीतर सीमा ओलांडून शांपेरीला, आणि संध्याकाळी परत, आख्खा दिवस एकच ट्रेल दुसऱ्यांदा नाही. लेज् जेला २००४ आणि २०२२ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाल्यात, २०२२ ची तर तुमच्या पोरीच्या लाडक्या ह्योलनीच जिंकली, तो ट्रॅक डोळ्यांनी बघता येईल. आम्हाला दीड तासाच्या आत आहे त्यामुळं दर उन्हाळ्यात चार-पाच वेळा होतंच.

फक्त म्युनिकहून गाडीनं सात-आठ तास धरा, म्हणजे पाचातले दोन दिवस रस्त्यातच जातात. आणि ऑगस्टमध्ये तिथं वळणांच्या आधी ब्रेक मारून मारून जमिनीला पन्हाळीसारख्या लाटा पडलेल्या असतात, हात थरथरतात. जून उत्तम. पण जागा म्हणाल तर ह्याला तोड नाही.

रानवाट

@इसारकाठचा, मी श्टुटगार्टचा, दोन मुलगे १३ आणि १६. एकदम आल्प्समध्ये उडी मारायच्या आधी एका शनिवारी बिशोफ्समाइसच्या गाइसकॉप्फला जाऊन या. बायरिशर वाल्डमध्ये आहे, म्युनिकहून दोनेक तास, १९९९ पासून चालू आहे, जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या बाइकपार्कांपैकी. दोन सीटची साधी चेअरलिफ्ट, डोंगर छोटा. तिथं एका दिवसात कळेल की तुमचे हात किती फेऱ्या सहन करतात, लेक पॅड घालून दिवसभर वावरू शकते का, आणि मुख्य म्हणजे तिला हे खरंच आवडतंय का का नुसते व्हिडिओ बघून आवडतंय.

आणखी एक, पाच दिवस सलग धरू नका. लोकांना वाटतं लिफ्टनं वर जायचं म्हणजे आराम. घाट चढताना मांड्या दमतात, इथं मनगटं, बोटं आणि पाठ दमते आणि दमलेलं कळतच नाही, कारण धाप लागलेली नसते. आमच्याकडचे दोन्ही अपघात तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर, "शेवटची एकच" म्हणून वर गेल्यावर झाले. दोन दिवस चालवा, एक दिवस तळ्यावर पोहायला जा, मग पुन्हा दोन दिवस.

सिंहगड_रोज

वाचतोय. पुण्यात बसून हेवा वाटतोय :) आपल्याकडं रायगडाला रोपवे १९९६ पासून आहे पण तो माणसांसाठी, सायकल घेऊन वर जायची सोय असती तर काय झालं असतं असा विचार दर वेळी पाळण्यात बसलो की येतो.

एक शंका. चढायचे कष्टच नाहीत तर त्यात सायकलिंग काय राहिलं? मी रोज गड चढवतो, उतरायला मिळणं हे त्याचं बक्षीस आहे असं मानतो. कुणाला दुखवायचं नाही, खरंच समजून घ्यायचंय.

ट्रेल_वेडी

@सिंहगड_रोज काका, उत्तर देते. मी १८ ची आहे, झुरिकला वाढले, इथल्या लेन्झरहाइडेच्या बाइकपार्कला बाराव्या वर्षापासून जाते. चढून जाऊन उतरलं तर दिवसात दोन, फार तर तीन वेळा तोच उतार मिळतो. लिफ्टनं पंधरा वेळा मिळतो. एकच वळण पंधरा वेळा घेतलं की सोळाव्या वेळी ते अंगात बसतं. चित्रकलेत एकच हात पुन्हा पुन्हा काढतात ना, तसं. तो वेगळा रियाज आहे, चढण्याची किंमत त्यानं कमी होत नाही.

आता इसारकाठचे काका, तुम्हाला मुलीच्या बाजूनं सांगते कारण इथं सगळे आईबाबाच लिहितायत. मी १४ ची असताना बाबा माझ्याबरोबर यायचे. पहिल्या वर्षी ते प्रत्येक उडीच्या खाली उभे राहायचे. ओरडायचे नाहीत काही, पण चेहरा असा असायचा की मी उडीकडं न बघता त्यांच्याकडं बघायचे आणि तिथंच चुकायचे. दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं की वर लिफ्टमधून एकत्र जायचं, उतरायचं आपापल्या वाटेनं, खाली लिफ्टच्या रांगेत भेटायचं. ते सात-आठ मिनिटं वर जाताना आम्ही जितकं बोललो ना तितकं घरी वर्षभरात नाही बोललो. शाळा, मैत्रिणी, सगळं. समोर डोंगर असतो, एकमेकांकडं बघायला लागत नाही, म्हणून असेल.

तर जागा निवडताना पार्क किती मोठा हे बघू नका. एका लिफ्टवरून तुमची वाट आणि तिची वाट दोन्ही निघतात का आणि दोन्ही त्याच लिफ्टच्या पायथ्याशी येतात का, एवढं बघा.

व्हँकुव्हरची_आई

ट्रेल_वेडी, किती छान लिहिलंस गं. अगदी हेच.

आमच्याकडं व्हिस्लर आहे, बाइकपार्क १९९९ ला सुरू झालं आणि जगभरातून लोक येतात, व्हँकुव्हरहून सव्वाशे किलोमीटरच्या आतच. लोक म्हणतात तिथल्या उड्या मोठ्या, डोंगर मोठा. पण मी पन्नाशीला आले तरी मुलाबरोबर तिथं जाऊ शकते त्याचं कारण वेगळंय. फिट्झसिमन्स लिफ्टनं वर गेलं की तिथूनच मी ईझी डझ इट ही सोपी वाट धरते, माझा मुलगा उड्यांची ए-लाइन, आणि दोघं त्याच लिफ्टपाशी येतो. मी पोचेपर्यंत त्याच्या कधी दोन फेऱ्या होतात पण तो माझ्यासाठी अडकून पडत नाही आणि मी त्याच्यासाठी जीव धोक्यात घालत नाही. डोंगर निवडताना दोघांतल्या कच्च्या गड्याकडं बघून निवडावा. पक्का गडी कुठंही मजा करून घेतो, कच्च्याला भीती बसली की दुसऱ्या दिवशी सायकल गाडीतच राहते आणि मग पोर एकटं पडतं.

रंगांबद्दल एक. इथं हिरवा, निळा, काळा, दुहेरी काळा अशी चढण आहे. तुमच्याकडं निळा, लाल, काळा. त्यामुळं इकडचा निळा ट्रेल तिकडं बऱ्याचदा लाल असतो. मी पहिल्यांदा युरोपात आले तेव्हा निळा म्हणजे मधला समजून बसले होते. गावोगावी फरकही असतोच, त्यामुळं पहिली फेरी नेहमी सगळ्यात सोप्या ट्रेलवर, रंगावर भरवसा न ठेवता.

रानवाट

+१. मग ह्या कसोटीवर लावलं तर चारांत सेर्फाउस-फिस-लाडिस पुढं येतंय. तिथं वाल्डबान नावाची लिफ्ट आहे, त्या एकाच लिफ्टवरून मिल्की वे ही अगदी सोपी रुंद वळणांची वाट, त्याहून थोडी वेगवान स्ट्रादा देल सोले, उड्यांसाठी हिल बिल, आणि मॉर्निंग ग्लोरी ही खरी डाउनहिल वाट, सगळ्या निघतात. डोंगराचा तेवढा भाग लहान आहे म्हणून नावाजलेले लोक नाक मुरडतात, पण बाप-लेकीसाठी तेच सोयीचं.

लेओगांग सुंदर आहे, वाद नाही, २०१२ आणि २०२० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथं झाल्यात. झालबाखची एक्स-लाइन शाटबर्गवरून गावापर्यंत हजार मीटर उतरते, असा उतार आयुष्यात एकदा तरी करावा. पण तिथं डोंगर पसरलेला आहे, सोपं एकीकडं, अवघड दुसरीकडं, ठरवून भेटावं लागतं.

जिनिव्हाकर

ही कसोटी मी लावली नव्हती, मान्य. आम्ही तिघं मित्र एकाच ताकदीचे, त्यामुळं हा प्रश्न कधी आलाच नाही. पहिल्या खेपेला सेर्फाउस ठीक आहे. पण दोन वर्षांनी लेज् जे करा हो, पोरगी सोळाची झाली की.

गिअरवाला

सायकलीबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून. मी सायकल दुरुस्तीच करतो, आधी कोल्हापूर, आता ग्रात्झ.

काका तुमची घरची हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली) असेल तर ती न्यायची नाही, भाड्यानं फुल सस्पेन्शन (पुढं-मागं दोन्हीकडं) घ्या. हार्डटेल चालते तशी, पण शंभर फेऱ्यांचा अनुभव असलेल्या माणसाला चालते. ब्रेक डिस्क पुढं २०० मिलिमीटरच्या आसपासची हवी, चार पिस्टनचे ब्रेक हवेत. टायर जाड भिंतीचा.

मुलीची सायकल मात्र दुकानात उभं राहून स्वतः बघा. दोन गोष्टी. एक, ब्रेकची दांडी. हात लहान असतो, दांडी लांब असते, मग पोरं दोन-तीन बोटांनी ओढतात आणि मूठ सैल पडते. एकच बोट, तर्जनी, पहिल्या पेराच्या घडीत दांडी बसली पाहिजे. छोटा स्क्रू असतो, एका मिनिटाचं काम. दोन, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि शॉक (मागचं) यांच्यातली हवा. भाड्याची सायकल ७५-८० किलोच्या माणसासाठी लावलेली असते, त्यावर ४५ किलोची मुलगी बसली की फोर्क दबतच नाही आणि सायकल खडकावरून टणाटणा उडते. पॅडबिड घालून तिला पेडलवर उभी करा, फोर्कच्या नळीवरची रबरी कडी किती सरकली बघा. फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या साधारण वीस टक्के सरकली पाहिजे. नाही सरकली तर हवा कमी करायला लावा. पोरगी म्हणते मला भीती वाटतेय आणि आपण धीर देत बसतो, खरं तर भीती सायकलची असते.

अस्थिवैद्य

मी हाडांची डॉक्टर आहे, नाशिकला. दोन वाक्यं लिहायची होती, चार झाली.

अशा पडण्यात सगळ्यात जास्त सापडतं ते कॉलर बोन आणि मनगट. फुल फेस हेल्मेट (हनुवटीही झाकणारं), गुडघा-कोपराचे पॅड, पाठीचं संरक्षण, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, ह्यात तडजोड नको. चौदाव्या वर्षी काही मुलांच्या हाडांच्या टोकांची वाढ चालू असते, त्यामुळं मनगट सुजलं आणि हाडावर दाबून दुखत असेल तर "मुरगळलं असेल" म्हणून क्रेप बँडेज बांधून गप्प बसू नका, एक्स-रे काढा. आणि डोक्याला मार लागून क्षणभर जरी गोंधळल्यासारखं झालं, मळमळलं, तरी त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही. ती कितीही म्हणाली मी बरी आहे तरी नाही. हे सकाळी निघायच्या आधीच तिच्याशी बोलून ठेवा, पडल्यावर वाद घालायची वेळ येऊ नये.

ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीचा नंबर १४० आहे, ११२ पण चालतो. खेळताना झालेल्या अपघातात हेलिकॉप्टर लागलं तर त्याचं बिल नेहमीचा आरोग्यविमा भरेल असं धरून चालू नका, वेगळा विमा घ्या आणि त्यात बाइकपार्क डाउनहिल चालतं का ते नीट वाचा.

इसारकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना धागा लेकीला मराठीतच वाचून दाखवला, ट्रेल_वेडीचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला. मग स्वतःच म्हणाली, ठीक आहे, सेर्फाउस, पण सप्टेंबरमध्ये एका वीकेंडला लेओगांग. कबूल केलंय. दोघांसाठी पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग बुक केलं. आल्यावर लिहितो.

इसारकाठचा

परत आलो. लिहायला दहा दिवस लागले, माफ करा.

पहिल्या दिवशी सकाळीच पाऊस. ओल्या मुळांवर सायकल साबणावर ठेवल्यासारखी सरकते हे पहिल्यांदा कळलं. ट्रेनिंग झालं तरीही. ट्रेनरनं मला एकच गोष्ट तीन तास शिकवली: पेडल समांतर, टाचा खाली, नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडं. मी सारखा पुढच्या चाकाकडं बघत होतो, पस्तीस वर्षांची सवय ती. नजर उचलली आणि तीच मिल्की वे दुप्पट रुंद वाटायला लागली.

गिअरवाला, तुमचे पाय धरावेसे वाटतात. भाड्याच्या दुकानात (नाव लिहीत नाही) सायकल तशीच हातात दिली होती. लेक म्हणाली चांगली आहे. तुमचं वाक्य आठवून तिला उभी केली, रबरी कडी जेमतेम बोटभर सरकली. हवा कमी करायला लावली, ब्रेकची दांडी आत घेतली. पहिली फेरी झाल्यावर तिनं हेल्मेट काढलं नाही, फक्त गॉगल वर करून म्हणाली, "बाबा, ही वेगळीच सायकल आहे."

दुसऱ्या दिवसापासून ठरल्याप्रमाणं, वर एकत्र, खाली आपापलं. मी मिल्की वे, मग हळूहळू स्ट्रादा देल सोले. ती हिल बिल. दुपारी एकदा मी खाली पोचलो आणि ती नव्हती. रांगेत उभं राहून प्रत्येक येणाऱ्या हेल्मेटचा रंग बघत होतो. अकरा मिनिटं, घड्याळात बघितली. आली तेव्हा डावा कोपर मातीनं भरलेला, पॅड खरचटलेलं, आत काही नाही. उडीवरून उतरताना चाक घसरलं, कडेला बसून पाणी प्यायली, मागून येणाऱ्यांना हात दाखवला, मग आली. जे शिकवलं होतं ते सगळं तिनं बरोबर केलं होतं. मी काही बोललो नाही, लिफ्टमध्ये तीच बोलली, कुठं चुकलं ते हातानं हवेत वळण काढून दाखवत होती.

तिसरा दिवस सुट्टी. सौ. पण आली होती, त्या दिवशी गावात हिंडलो. सेर्फाउसला गावाखालून १९८५ पासून छोटी भुयारी रेल्वे चालते, हवेच्या गादीवर तरंगत, एवढ्याशा गावात! तिला ती फार आवडली.

चौथ्या दिवशी दोघांनी मिळून फ्रोमेस ट्रेल केला, श्योनयोखवरून, जवळपास अडीच हजार मीटरवरून सुरू होतो. वर झाडं नाहीत, नुसतं गवत आणि दगड, मग खाली खाली जंगल सुरू होतं. तिथं ती पुढं होती आणि प्रत्येक अवघड जागेच्या पलीकडं थांबायची. खाली उभी राहून बघायची, बोलायची काही नाही. आता मला कळलं ट्रेल_वेडीच्या बाबांचा चेहरा कसा असेल, कारण तसाच चेहरा मला तिचा दिसत होता. खाली आल्यावर डिस्कला पाण्याचे थेंब लागून चर्र आवाज आला आणि तोच पसरणीच्या घाटातला जळका वास. तिला सांगितलं, तिनं वाकून वास घेतला.

पाचव्या दिवशी माझे हात उघडत नव्हते, दुपारी एकला थांबलो. ती अजून तीन फेऱ्या करून आली, साडेतीनला तिनं स्वतःहून बास म्हटलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: ट्रेनिंग इंग्रजीत मिळालं. अठराच्या आतल्या मुलांसाठी आईबाबांच्या सहीचा कागद मागतात, नसेल तर अडतं. मुक्कामाबरोबर पाहुण्यांचं कार्ड मिळतं, पण त्यात सायकलसकट लिफ्ट येते का ते बुकिंगच्या आधी विचारा. दुपारनंतर गडगडाट झाला की लिफ्ट बंद होते, म्हणून सकाळी पहिल्या लिफ्टला पोचा.

ट्रेल_वेडी

काका!! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, ते एकदा पंचवीस मिनिटं उभे होते. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं.

रानवाट

मस्त. सप्टेंबरमध्ये लेओगांगला कधी? आम्ही तिघं येऊ शकतो, धाकटा जवळपास तुमच्या लेकीच्याच वयाचा आहे.

इसारकाठचा

@रानवाट, तिसरा शनिवार-रविवार धरलाय. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी गाइसकॉप्फला जाणार आहोत, तुम्ही सांगितलं होतं ते राहिलंच. म्युनिकमधून कुणाला मुलांना घेऊन यायचं असेल तर गाडीत अजून दोन सायकली आणि दोन माणसं बसतात, निरोप टाका.